हिमालयन ४११ ला साइडकार जोडताना: माउंटिंग, अलाइनमेंट आणि आपल्याकडचे रस्ते

आर्वीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही मोटारसायकल आहे आणि तिला डाव्या बाजूस साइडकार (बाजूला जोडायची एका चाकाची बैठक) जोडण्याचा विचार मी बऱ्याच दिवसांपासून करीत आहे. कारण घरगुती आहे. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिला मागच्या सीटवर पाय टाकून बसता येत नाही, आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून लांबचा प्रवास करणे मला धोक्याचे वाटते. याच गाडीवर आम्ही दोघे माहूर, लोणार, शेगाव, चिखलदरा असे फिरलो आहोत. मुलाची चारचाकी दारात उभी असते आणि ती वापरा असे सगळेच सांगतात. परंतु काचा लावून बसले की रानाचा वाससुद्धा येत नाही ही पत्नीची तक्रार आहे, ती मलाही मान्य आहे, म्हणून चारचाकीचा पर्याय कृपया कोणी सुचवू नये.

आमचे रस्ते तीन प्रकारचे आहेत: तळेगावहून अमरावतीकडे जाणारा महामार्ग, परतवाड्याच्या पुढचा चिखलदऱ्याचा घाट, आणि घरापासून शेतापर्यंतची पांदण, जिच्यात पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या असतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेशच नाही, तेव्हा तो प्रश्न उद्भवत नाही.

गावातील ट्रॉली बनविणाऱ्या कारागिरांचा हात चांगला आहे. त्यांनी गाडी पाहिली आणि "चेसिसला दोन ठिकाणी अँगल वेल्ड करून देतो, हलणारसुद्धा नाही" असे सांगितले. मला ते पटले नाही, परंतु का पटले नाही हे त्यांना नीट समजावूनही सांगता आले नाही. जोडणी किती ठिकाणी व कशी असावी, साइडकारचे चाक नेमके कुठे यावे, जोडणीनंतर गाडी एका अंगाला ओढते म्हणतात ते कशाने थांबते, आणि परिवहन कार्यालयात याची नोंद कशी होते, यांपैकी ज्यांना जे माहीत असेल त्यांनी ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

लेथवाला, बडनेरा

आर्वीकर सर, आपली शंका योग्य आहे. दुचाकी वळणावर स्वतः झुकते, त्यामुळे तिच्या चेसिसवर येणारा भार बहुतांशी दोन्ही चाकांच्या रेषेतच राहतो आणि निर्मात्याने नळ्यांची जाडी त्याच हिशोबाने ठरविलेली असते. साइडकार जोडली की गाडीचे झुकणे बंद होते आणि तोच भार आडवा, पीळ देणारा होऊन येतो. पातळ नळीवर अँगल वेल्ड केला तर वेल्डच्या कडेची तापलेली जागा कमकुवत होते, आणि हा पीळ नेमका त्याच जागी एकवटतो. तडा रंगाखाली सुरू होतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

जोडणी चार ठिकाणी असावी, खाली दोन आणि वर दोन. खालचे दोन सांधे साइडकारचे ओझे आणि ओढ पेलतात, वरचे दोन गाडीला उभी धरतात. आपल्या गाडीच्या चेसिसला इंजिनाखाली आणि स्विंगआर्मजवळ (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांजवळ) जे मजबूत बोल्ट आहेत, त्यांवर लांब बोल्ट टाकून एक स्वतंत्र सबफ्रेम (जोडचौकट) बसवावी लागेल आणि साइडकार त्या सबफ्रेमला जोडावी लागेल, म्हणजे मूळ चेसिसला ना भोक पडेल ना वेल्डिंग लागेल. पुढचा वरचा सांधा टाकीखाली, हँडलच्या गळ्यापासून खाली येणाऱ्या नळीवर दुहेरी क्लॅम्पने घेता येतो. मागचा वरचा सांधा मात्र सीटखालच्या मागच्या नळ्यांवर कधीही घेऊ नये, कारण त्या नळ्या माणूस आणि सामान पेलण्यापुरत्याच असतात. बोल्ट जास्त ताकदीचे, १०.९ ग्रेडचे, आणि नट नायलॉकचे (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारे) घ्यावेत. नळी सीमलेस (बिनजोड) आणि किमान ३ मिलिमीटर जाडीची असावी. पाण्याच्या जीआय पाइपची साइडकार मी दुरुस्तीला आलेली पाहिली आहे आणि तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

आता चाकाची जागा. साइडकारचे चाक गाडीच्या मागच्या चाकाच्या सरळ रेषेत ठेवत नाहीत, ते साधारण १५० ते २५० मिलिमीटर पुढे ठेवतात. ते फार मागे राहिले तर उजव्या वळणात साइडकारचे नाक खाली जाऊन गाडी तिरपी कलंडण्याची भीती असते, आणि फार पुढे गेले तर हँडल जड होऊन टायर घासू लागतो. गाडीच्या आणि साइडकारच्या चाकांमधील आडवे अंतर १.१ ते १.२ मीटर ठेवले तर स्थिरता आणि रस्त्यातील जागा यांचा मेळ बसतो.

गाडी एका अंगाला ओढते याचे कारण सरळ आहे. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकातून रस्त्याला मिळते आणि साइडकारचे वजन डावीकडे नुसते ओढत न्यावे लागते. जोडीतला एक बैल मागे राहिला की वखर जसा त्या अंगाला वळतो, तशी गाडी डावीकडे वळू पाहते. त्यात आपले रस्ते पाणी निघून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे ही ओढ आणखी वाढते. ती दोन मापांनी मोडून काढायची असते. पहिले माप म्हणजे टो-इन: साइडकारचे चाक अगदी समांतर न ठेवता त्याचे तोंड किंचित गाडीकडे वळविणे. दुसरे म्हणजे लीन-आउट: गाडी स्वतः किंचित उजवीकडे, साइडकारपासून दूर झुकविणे.

टो-इन मोजण्यासाठी गोदामासारखी सपाट सिमेंटची जागा निवडावी, सर्व टायरांत हवा योग्य भरावी आणि हँडल सरळ बांधून ठेवावे. गाडीच्या दोन्ही चाकांच्या डाव्या कडेला एक आणि साइडकारच्या चाकाला दुसरी, अशा दोन सरळ अॅल्युमिनियम पट्ट्या जमिनीपासून सारख्या उंचीवर लावाव्यात. आपल्या गाडीचा पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद आहे, तेवढा फरक पुढे पाचर घालून भरून काढावा, नाहीतर सगळे माप चुकते. मग पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे दोन्ही पट्ट्यांमधील अंतर मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर कमी भरले की सुरुवातीला पुरे. लीन-आउटसाठी गवंड्याचा ओळंबा वापरावा. ६० सेंटीमीटर उंचीत १ अंश म्हणजे साधारण १० मिलिमीटर होतात, आणि १ ते दीड अंशाच्या पलीकडे सहसा जावे लागत नाही. हे माप रिकाम्या गाडीवर घेण्यात अर्थ नाही. आपण आणि वहिनी बसलेल्या असताना, सामान ठेवलेले असतानाच ते घ्यावे, कारण स्प्रिंग दबल्या की झुकाव बदलतो. वरच्या दोन्ही दांड्यांना एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे पाडून घेतले, तर सांधा न उघडता नुसती दांडी फिरवून झुकाव कमी-जास्त करता येतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हिमालयनचे पुढचे फोर्क (पुढचे चाक धरणारे शॉकअप) २०० मिलिमीटर दबणारे लांब फोर्क आहेत आणि पुढचे चाक २१ इंची आहे. खडकाळ वाटेसाठी ते उत्तम असले तरी साइडकारसाठी सोयीचे नाही. ब्रेक मारताच नाक खूप खाली जाते आणि आडव्या जोराने फोर्क पिळला जातो. शिवाय २५ ते ३५ च्या वेगात हँडल थरथरू लागते. ते थांबविण्यासाठी स्टिअरिंग डँपर (हँडलची थरथर शोषणारा दांडा) लावावाच लागेल आणि फोर्कमध्ये कडक स्प्रिंग टाकावी लागेल. घरात किंवा नात्यात एखादी जुनी बुलेट उभी असेल तर या कामासाठी मी तिला अधिक पसंती देईन.

परतवाड्याचा सेमाडोहवाला

वरील मापे बरोबर आहेत, त्यांत भर घालण्यासारखे माझ्याकडे नाही. मी चालविण्याविषयी लिहितो, कारण साइडकार जोडल्यावर दुचाकीची इतक्या वर्षांची सवय उपयोगी पडत नाही, उलट आड येते.

दुचाकीवर आपण डावीकडे वळण्यासाठी नकळत हँडल क्षणभर उजवीकडे ढकलतो आणि गाडी डावीकडे झुकते. साइडकार लावलेली गाडी झुकतच नाही. तिला डावीकडे न्यायचे असेल तर हँडल डावीकडेच वळवावे लागते, आणि तेही दंडांच्या ताकदीने. घाबरलेल्या क्षणी हात जुन्या सवयीने उलट वळतात, म्हणून रस्त्यावर येण्यापूर्वी मोकळ्या मैदानात भरपूर सराव करावा. कापूस संपल्यावर बाजार समितीचे आवार किंवा गावाबाहेरचे माळरान यासाठी पुरते.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे आपल्या वाट्याला येणारे डावे वळण नेहमीच अधिक आखूड असते, आणि साइडकार नेमकी डाव्या वळणातच हलकी होऊन उचलली जाते. ती उचलली की गाडी एकाएकी पुन्हा दुचाकीसारखी वागू लागते. अशा वेळी पुढचा ब्रेक आवळू नये; थ्रॉटल हळू सोडावा, अंग डावीकडे टाकावे आणि समोर जागा असेल तर हँडल किंचित सैल सोडून चाक खाली येऊ द्यावे. परंतु चिखलदऱ्याच्या घाटात समोरून एसटी येत असताना उजवीकडे जागा नसते, म्हणून डाव्या वळणाचा वेग वळणापूर्वीच कमी केलेला असला पाहिजे. साइडकार रिकामी असेल तेव्हा तिच्यात तळाशी ३० ते ४० किलो वाळूची पोती घट्ट बांधून ठेवावीत. वहिनींना शेगावला सोडून एकटे परतताना हे विशेष लक्षात ठेवावे.

उजव्या वळणात साइडकार उचलली जात नाही, उलट तिच्यावर भार येतो आणि गाडीचे मागचे चाक हलके होते. ते वळण सोपे वाटते, म्हणून माणूस त्यात वेग वाढवितो, आणि गाडी सरळच पुढे जाऊ पाहते.

वेग घेताना गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक मारताना उजवीकडे जाते, कारण गाडी थांबू लागली तरी साइडकारचे वजन पुढेच जात असते. ब्रेक मारला की आपण समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला सरकतो, ही गोष्ट महामार्गावर फार महत्त्वाची आहे. ओव्हरटेक करताना तर दुहेरी विचार करावा. गाडी आता ऑटोइतकी रुंद आहे आणि तिची ताकद मात्र तेवढीच, २४ अश्वशक्तीच्या आसपास, राहिलेली आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करून घेतला तर ओढ साधारण ७ टक्क्यांनी वाढते आणि घाटात क्लच जाळावा लागत नाही. मायलेज घटेल, टायर लवकर झिजतील, ते गृहीत धरावे.

डावीकडची सवारी

आर्वीकर दादा, इथे सगळे चालविणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहेत. मी दारव्हा भागात राहते आणि आमच्या बुलेटच्या साइडकारमध्ये बसणारी मीच आहे, म्हणून बसणाऱ्या माणसाच्या बाजूने चार गोष्टी लिहिते.

तयार मिळणाऱ्या बहुतेक साइडकारची सीट फार खाली असते. पाय पुढे लांब करून बसायचे असते, त्यामुळे बसलेले असताना गुडघ्यांना आराम वाटतो. परंतु उठताना गुडघे कंबरेपेक्षा वर आलेले असतात आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो. माझ्या सासूबाईंचे गुडघे बदललेले आहेत आणि त्या आमच्या साइडकारमध्ये एकदा बसल्या तेव्हा त्यांना उठविण्यासाठी दोघांना हात द्यावा लागला. म्हणून बॉडी ठरविण्यापूर्वी वहिनींना प्रत्यक्ष बसवून आणि उठवून पाहावे. सीट थोडी उंच घ्यावी, डाव्या बाजूला पूर्ण उघडणारे दार असावे, पाय ठेवायची जागा सपाट असावी आणि उठताना धरण्यासाठी पुढे एक मजबूत दांडी असावी. सीट उंच केली की वजन वर जाते आणि साइडकार अधिक लवकर उचलली जाईल, असे फॅब्रिकेशनवाले सांगतील, आणि ते खरेही आहे. त्यासाठी बॅटरी, हत्यारे, पाण्याचा कॅन अशा जड वस्तू सीटखाली तळाला ठेवाव्यात.

दुसरे म्हणजे, साइडकार रस्त्याच्या डाव्या कडेला चालते. चालविणाऱ्याला जी बाभळीची फांदी दिसतही नाही, ती माझ्या खांद्याला आणि हाताला लागते. पांदणीत तर दोन्हीकडून बोरी-बाभळी आत आलेल्या असतात. आम्ही पुढे छोटी काच आणि बाजूला वाकविलेली नळी लावून घेतली आहे, तिच्यावर फांद्या घासून मागे जातात. हेल्मेट पूर्ण तोंडाचेच घालावे, कारण ट्रकच्या चाकाखालून उडणारी गिट्टी साइडकारमध्ये बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बॉडी पत्र्याची असेल तर ती दुपारी हात लावू देत नाही. फायबरची घ्यावी, किंवा पत्र्याला आतून जाड फोम आणि कापड लावून घ्यावे. कमरेचा पट्टा हवाच. आणि हेल्मेटमध्ये बोलण्याचे ब्लूटूथ यंत्र दोघांनाही घ्यावे, नाहीतर "जरा थांबा" हे सांगायला मला दर वेळी हात उंच करून हलवावा लागायचा.

नोंदणी आणि विमा

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २ मधील मोटारसायकलच्या व्याख्येतच, जास्तीचे एक चाक असलेली सुटी होणारी साइडकार समाविष्ट आहे. त्यामुळे साइडकार लावली म्हणून वाहन आपोआप तीनचाकी ठरत नाही, हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे.

अडचण कलम ५२ ची आहे. वाहनात असा बदल करता येत नाही की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावलेला आहे. साइडकारमुळे वजन, रुंदी आणि आसनसंख्या तिन्ही बदलतात. म्हणून काम आधी आणि परवानगी नंतर, असे करू नये. आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाला जोडणीचा आराखडा, वजन आणि छायाचित्रे जोडून लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि उत्तरही लेखीच मागावे. खिडकीवरचा माणूस तोंडी "चालते, लावून टाका" म्हणाला तर त्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. नोंद नसलेल्या बदलावर बोट ठेवून दावा नाकारण्याची वाट कंपनीला मोकळी राहते.

हेल्मेटविषयी वर ताईंनी लिहिले ते योग्यच आहे. पूर्वीच्या कलम १२९ मध्ये साइडकारमध्ये बसणाऱ्याला सूट होती, २०१९ च्या सुधारणेच्या मजकुरात ती राहिलेली नाही.

आर्वीकर

सर्वांचे मनापासून आभार. सीटच्या उंचीचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. मी पत्नीला तो वाचून दाखविला तेव्हा तिने आधी घरातल्या खुर्चीची उंची मोजायला लावली. परिवहन कार्यालयाचा अर्ज लिहायला घेतो. नात्यात बुलेट कोणाकडे नाही, तेव्हा जे करायचे ते हिमालयनवरच करावे लागेल आणि फोर्कच्या स्प्रिंगचा व डँपरचा खर्च मान्य करावा लागेल.

दोन प्रश्न राहिले. पांदणीतील चाकोरीत ही गाडी कशी चालेल, आणि साइडकारच्या चाकाला ब्रेक असावा की नसावा? आमच्याकडील एक जाणते मेकॅनिक म्हणतात की ब्रेक लावला तर रिकामी साइडकार डावीकडे फेकते.

काळी माती

पांदणीचे उत्तर मी देतो, कारण घाटंजीकडे आमचे रोजचे जाणे-येणे त्याच रस्त्याने असते.

चाकोऱ्या दोन असतात आणि आपल्या गाडीच्या चाकांच्या रेषाही दोन आहेत, पण त्या जुळत नाहीत हीच अडचण आहे. आधी टेप घेऊन आपल्या पांदणीतील दोन चाकोऱ्यांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. ट्रॅक्टरच्या चाकोरीचे अंतर साइडकारच्या १.१ किंवा १.२ मीटरपेक्षा सहसा जास्त भरते. मग गाडी चाकोरीत घातली की साइडकारचे चाक मधल्या उंचवट्याच्या उतारावर चढते, गाडी उजवीकडे झुकते आणि हँडल सतत हातातून निसटू पाहते. अंतर वाढवून चाकोरीशी जुळविण्याचा मोह होईल, परंतु तेवढी रुंद गाडी घाटात आणि गावातल्या गल्लीत त्रास देते. आमच्याकडे उपाय असा आहे की मोटारसायकल मधल्या उंचवट्यावर चालवायची आणि साइडकारचे चाक डाव्या चाकोरीच्या बाहेरच्या काठावर ठेवायचे. वाट अरुंद असेल तर मात्र हे जमत नाही आणि सावकाश जाण्यावाचून मार्ग उरत नाही. इंजिनाखालच्या दांड्या आणि खालचे दोन सांधे उंचवट्याला टेकणार नाहीत इतके वर असले पाहिजेत, हे लेथवाल्यांना आधीच सांगून ठेवावे.

पावसात काळ्या मातीत ही गाडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरल या रशियन साइडकार-मोटारसायकलच्या काही गाड्यांमध्ये साइडकारचे चाकही इंजिनाने फिरते, त्यामुळे त्या चिखलातून निघतात. आपल्या जोडणीत फिरणारे चाक एकच, आणि तेही उजवीकडे. ते एकदा घसरले की गाडी साइडकारभोवती गोल फिरते आणि मडगार्ड मातीने भरून चाक जाम होते. मग नुसत्या दुचाकीसारखी ती एकट्याने उचलून वळविता येत नाही, आणि रिव्हर्स गिअर तर नसतोच. मडगार्ड आणि टायर यांच्यात किमान चार बोटे जागा ठेवावी. रपट्यावर पाणी वाहत असेल तर दुचाकीवाला कधी कधी धाडस करतो, साइडकारवाल्याने अजिबात करू नये, कारण पाण्याचा आडवा जोर घेणारी बॉडी आता मोठी झालेली असते.

ब्रेकविषयी मी आपल्या मेकॅनिकशी सहमत आहे. आमच्या साइडकारला ब्रेक नाही आणि आमचे काही अडत नाही.

लेथवाला, बडनेरा

काळी मातीवाले भाऊ, आपल्या पांदणीत २० च्या वेगाने ब्रेक नसला तरी चालते हे मान्य. आर्वीकर सर मात्र तळेगाव-अमरावती महामार्गावर माणूस बसलेली साइडकार घेऊन जाणार आहेत, आणि सेमाडोहवाले भाऊंनी वर लिहिले आहेच की ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे, समोरच्या वाहनाकडे सरकते. ती सरक थांबविणारा खरा उपाय साइडकारच्या चाकाचा ब्रेक हाच आहे. मेकॅनिकांची भीतीही खोटी नाही. रिकाम्या साइडकारचे चाक ब्रेकने लॉक झाले तर गाडी डावीकडे वळेल. त्यावर तोड म्हणजे साइडकारचा ब्रेक मुद्दाम कमजोर ठेवणे: डिस्क लहान, कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) लहान, आणि ब्रेक असा लावून घेणे की साइडकार भरलेली असताना तो पुरेसा धरील आणि रिकामी असताना, वाळूची पोती असली तर, लॉक होणार नाही.

आपल्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. साइडकारच्या ब्रेकची नळी गाडीच्या मागच्या ब्रेकच्या नळीत मध्येच जोडू नये, कारण एबीएसचा हिशोब तेवढ्याच तेलावर बसविलेला असतो आणि एक कॅलिपर वाढला की पेडल मऊ पडते. साइडकारसाठी वेगळा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल ढकलणारा पंप) घ्यावा आणि त्याचे छोटे पेडल मूळ ब्रेक पेडलच्या अगदी शेजारी, एकाच बुटाखाली दोन्ही दाबली जातील असे बसवावे. म्हणजे साइडकार रिकामी असताना पाय थोडा बाहेर घेऊन फक्त मूळ पेडल दाबण्याची मोकळीक राहते.

बाकी दोन बारीक गोष्टी. डावीकडचे साइडस्टँड काढावे लागेल. त्याला इंजिन बंद करणारा स्विच असेल तर त्याची वायर नुसती तोडू नये, ती जोडणी माहीतगाराकडून करून घ्यावी, नाहीतर गिअर टाकताच गाडी बंद पडेल. चेनही डावीकडेच आहे, म्हणून ती साफ करण्याइतका आणि ताणण्याइतका हात आत जाईल एवढी फट सबफ्रेममध्ये ठेवायला सांगावे. घाटात थांबण्यासाठी पुढचा ब्रेक दाबून धरणारा पट्टा आणि चाकाखाली घालायला लाकडी गुटका सोबत असावा. जोडणीनंतर पहिल्या १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० किलोमीटरला सर्व बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासावेत, कारण नवीन क्लॅम्प रंगावर बसत असतो आणि रंग दबला की बोल्ट सैल होतो. ट्रॉलीवाल्या कारागिरांना वगळण्याचे कारण नाही. सबफ्रेमच्या प्लेटा मी किंवा दुसरा कोणीही लेथवर करून देईल. साइडकारची स्वतःची चौकट, दार आणि वहिनींची धरायची दांडी त्यांच्याकडूनच करून घ्यावी, तो त्यांचा हातखंडा आहे.